आंतरराष्ट्रीय युवा आइस हॉकी स्पर्धा समजून घेताना: वेळापत्रक, गुणतक्ता आणि मग सामना

आइस हॉकीचा सामना प्रथमच पाहणारा माणूस पहिली दहा मिनिटे चकती शोधण्यातच घालवतो. ७.६२ सेंटिमीटर व्यासाची, २.५४ सेंटिमीटर जाडीची ती काळी रबरी चकती (तिला पक म्हणतात) उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली असते आणि फटका बसताच ती नजरेआड होते. त्यामुळे नवख्याने सामन्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युवा गटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा थोड्या दिवसांत उरकायची असते, आणि तिचे बहुतेक नियम या एका अडचणीतून निघालेले असतात. वेळापत्रक आणि गुणतक्ता आधी वाचला, तर बर्फावर जे दिसते त्याचा अर्थ लवकर लागतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: स्पर्धा कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

युवा स्पर्धा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात देशांचे संघ खेळतात. १९०८ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ अशा अधिकृत स्पर्धा भरवतो. त्यांतील सर्वांत गाजलेली म्हणजे वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा. ती १९७७ पासून अधिकृतपणे खेळली जाते आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. अठरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा वसंतात होते, तर त्याच वयाच्या मुलींची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली.

दुसरा प्रकार निमंत्रितांचा. यात क्लबांचे किंवा शहरांचे संघ येतात. कॅनडातील क्वेबेक शहरात १९६० पासून दर फेब्रुवारीत भरणारी पी-वी स्पर्धा हे याचे ठळक उदाहरण आहे. तिथे साधारण अकरा-बारा वर्षांची मुले खेळतात, शंभराहून अधिक संघ येतात आणि बाहेरगावची अनेक मुले स्थानिक कुटुंबांच्या घरी राहतात. पुढे या खेळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू ठरलेला कॅनडाचा वेन ग्रेट्झ्की १९७४ मध्ये याच स्पर्धेत खेळला होता, आणि २०२३ मध्ये युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या युक्रेनी मुलांचा एक संघही तिथे उतरला होता.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण निमंत्रितांच्या स्पर्धेत सामन्याची लांबी, बाद होण्याची पद्धत आणि शारीरिक टक्करीची मुभा हे सारे आयोजक ठरवतो. पुढे मी मुख्यतः वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे उदाहरण घेतले आहे. तिचे नियम समजले की इतर स्पर्धांच्या नियमपुस्तिकेत फक्त वेगळे काय आहे, एवढेच पाहावे लागते.

दुसरी पायरी: वयाची अट तारखेनिशी तपासावी

‘वीस वर्षांखालील’ या शब्दांनी बरेच जण फसतात. येथे वय मोजले जाते ते जन्मवर्षावरून. २०२५ ची जागतिक स्पर्धा २६ डिसेंबर २०२४ रोजी ओटावात सुरू झाली, आणि तिच्यासाठी २००५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. म्हणजे १ जानेवारी २००५ रोजी जन्मलेला मुलगा स्पर्धा चालू असतानाच वीस वर्षांचा झाला तरी तो चालतो. त्याच्याहून एकाच दिवसाने मोठा असलेला, ३१ डिसेंबर २००४ चा मुलगा मात्र अपात्र ठरतो.

या रेषेचा परिणाम फार खोलवर जातो. लहानपणी निवड होताना जानेवारीत जन्मलेले मूल त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, साहजिकच ते थोराड दिसते आणि निवडले जाते. कॅनडातील युवा हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असते, हे संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. संघाची यादी हाती आली तर जन्मतारखांचा रकाना सहज चाळून पाहावा.

खेळाडू त्या देशाचा नागरिकही असावा लागतो, आणि एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशात खेळायला गेलेल्यांसाठी वेगळी कागदपत्रे लागतात. उत्तम खेळाडू असूनही एखादा संघात का नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या क्लबाच्या वेळापत्रकात सापडते. वसंतातील अठरा वर्षांखालील स्पर्धेच्या वेळी कॅनडातील ज्युनियर लीगची बाद फेरी चालू असते, त्यामुळे कॅनडाचे अनेक चांगले खेळाडू त्या स्पर्धेला मुकतात. ऑगस्टमध्ये होणाऱ्या ह्लिंका-ग्रेट्झ्की चषकात (हीही अठरा वर्षांखालील देशांच्या संघांचीच स्पर्धा) मात्र ही अडचण नसते आणि कॅनडाचा संघ पूर्ण ताकदीने उतरतो. एकाच देशाच्या एकाच वयोगटाच्या दोन संघांत एवढी तफावत का, असा प्रश्न पडल्यास आधी दिनदर्शिका पाहावी.

तिसरी पायरी: स्पर्धेचा सांगाडा कागदावर काढावा

वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत दहा संघ असतात आणि त्यांचे पाच-पाचांचे दोन गट पाडले जातात. प्रत्येक संघ आपल्या गटातील उरलेल्या चौघांशी एकेकदा खेळतो. गटातील पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात आणि तिथे एका गटातील पहिल्याची गाठ दुसऱ्या गटातील चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी पडते. दोन्ही गटांचे तळाचे संघ आपसात लढतात, आणि त्यात हरणारा पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला जातो. त्याची जागा त्या श्रेणीचा विजेता घेतो. २०२५ च्या स्पर्धेचा हिशेब असा होता: साखळीचे वीस, उपांत्यपूर्व चार, उपांत्य दोन, पदकांचे दोन आणि अवनतीचा एक, असे २९ सामने.

आता हे सामने दिवसांवर मांडून पाहावेत. साखळीचे चार सामने डिसेंबर संपण्याआधी होतात, उपांत्यपूर्व फेरी २ जानेवारीला, उपांत्य ४ जानेवारीला आणि अंतिम सामना ५ जानेवारीला, असा सर्वसाधारण क्रम असतो. पदक मिळवणारा संघ अकरा दिवसांत सात सामने खेळतो आणि उपांत्य सामन्यानंतर त्याला विश्रांतीचा एकही दिवस मिळत नाही. म्हणून प्रशिक्षक दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर दुसरा गोलरक्षक उतरवतो, आणि म्हणूनच गटात पहिले येण्याची धडपड असते, कारण उपांत्यपूर्व फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळाला तर पाय थोडे ताजे राहतात.

पूर्वी हा सांगाडा वेगळा होता. १९८७ मध्ये आठ संघ एकमेकांशी खेळत आणि अंतिम सामना असा नसेच, अंतिम गुणतक्ता हाच निकाल. त्या वर्षी ४ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी येथे कॅनडा आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आले, तेव्हा सोव्हिएत संघ पदकांच्या शर्यतीतून बाद झालेला होता आणि कॅनडाला सुवर्णासाठी किमान पाच गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. दुसऱ्या सत्रात कॅनडा ४–२ असा पुढे असताना हाणामारी जुंपली, दोन्ही बाकांवरचे जवळजवळ सगळे खेळाडू बर्फावर उतरले, पंच मैदान सोडून गेले आणि शेवटी आयोजकांनी दिवे मालवले. दोन्ही संघ अपात्र ठरले आणि सुवर्णपदक फिनलंडला मिळाले. एका संघाला काहीच गमवायचे नाही आणि दुसऱ्याला गोलांचा डोंगर रचायचा आहे, अशी गाठ शेवटच्या दिवशी पडू शकणे हा केवळ साखळीवर चालणाऱ्या स्पर्धेतला दोष आहे. १९९६ पासून या स्पर्धेत साखळीनंतर बाद फेरी खेळली जाते.

चौथी पायरी: गुण आणि बरोबरी यांचे गणित स्वतः करून पाहावे

प्रत्येक सामन्यात एकूण तीन गुण वाटले जातात. साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला तिन्ही मिळतात. साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल, तर जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (यात एकेक खेळाडू एकटाच चकती घेऊन गोलरक्षकावर चाल करतो) जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला एक गुण मिळतो. त्यामुळे बलाढ्य संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बरोबरीवर असलेला लहान संघ चकती नुसतीच दूर सारताना दिसला, तर त्याला नावे ठेवू नयेत. तो एक गुण जपत असतो, आणि चौथा व पाचवा क्रमांक यांत पुष्कळदा एवढेच अंतर असते.

दोन संघांचे गुण समान असतील, तर आपसातला सामना जिंकणारा वर. तीन संघ समान गुणांवर आले की नवख्यांची तारांबळ उडते, म्हणून एक काल्पनिक गट घेऊ. क, ख आणि ग यांनी घ आणि च या दोघांना हरवले, आणि आपसात मात्र क ने ख ला ३–२, ख ने ग ला ४–१ आणि ग ने क ला २–१ असे हरवले. तिघांचेही नऊ गुण झाले. आता फक्त या तिघांमधले सामने मोजायचे. ग ने च वर दहा गोल केले असतील, तरी येथे त्यांचा उपयोग शून्य. आपसातले गुणही सारखेच, म्हणून आपसातला गोलफरक पाहायचा: ख चा अधिक दोन, क चा शून्य, ग चा उणे दोन. ख पहिला, क दुसरा, ग तिसरा.

आता ख आणि ग यांच्यातील सामन्याची शेवटची दोन मिनिटे जवळून पाहू. ख २–१ असा पुढे आहे. पिछाडीवरचा ग आपला गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवतो (ही या खेळातली नेहमीची चाल आहे), आणि मोकळ्या जाळीत ख दोनदा चकती धाडतो. निकाल ४–१. हे दोन गोल झाले नसते, तर तिघांचाही गोलफरक शून्य झाला असता. मग केलेले गोल मोजले असते: क चे चार, ख चे चार, ग चे तीन. ग तिसरा ठरून बाजूला झाल्यावर उरलेल्या दोघांत आपसातला सामना क ने जिंकलेला असल्यामुळे क पहिला आला असता. ज्या सामन्यात क खेळतच नव्हता, त्यातील मोकळ्या जाळीतल्या दोन गोलांनी क चे पहिले स्थान गेले. गॅलरीत बसलेले क चे खेळाडू असे गोल पाहून कपाळाला हात लावतात, त्याचे कारण हे आहे.

पाचवी पायरी: आता सामना पाहावा

सामना वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते. दोन सत्रांमधल्या पंधरा मिनिटांत यंत्र बर्फ तासून त्यावर पाणी सोडते. सामन्यासाठी प्रत्येक संघाचे वीस खेळाडू आणि दोन गोलरक्षक सज्ज असतात. बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहाच जण असतात.

कोणत्याही एका खेळाडूकडे न पाहता, खेळाडूंच्या बाकासमोरच्या कठड्याकडे एकदा लक्ष देऊन पाहावे. साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावलेला खेळाडू आपल्या बाकाकडे वळतो, आणि तो कठड्याजवळ पोचता पोचता दुसरा त्यावरून पाय टाकून बर्फावर उतरलेला असतो. खेळ मात्र थांबलेला नसतो. ही अदलाबदल या खेळाचा श्वास आहे. यजमान मानल्या गेलेल्या संघाला (तटस्थ देशांतील सामन्यातही एकाला कागदोपत्री यजमान ठरवले जाते) खेळ थांबल्यावर शेवटी बदल करण्याचा हक्क असतो, म्हणजे समोर कोण उतरले ते पाहून आपली फळी निवडता येते. आणि आयसिंग, म्हणजे मध्यरेषेमागून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चकती धाडणे, हा प्रमाद करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच जण आपल्याच गोलासमोर अडकून पडले आहेत हे ओळखता आले की पुढचा गोल कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो.

शिक्षेचा हिशेब सोपा आहे. किरकोळ प्रमादाला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी पडतो; प्रतिस्पर्ध्याने गोल केला तर ही शिक्षा तिथेच संपते. मोठ्या प्रमादाला पाच मिनिटे, आणि त्यात कितीही गोल झाले तरी शिक्षा पूर्ण भोगावी लागते. ऑफसाइडसाठी एवढे पुरे: प्रतिस्पर्ध्याच्या भागाची सीमा दाखवणारी निळी रेषा चकतीने ओलांडण्याआधी आक्रमकाने ओलांडू नये.

लहान वयोगटात अंगावर धडकण्याचे नियम वेगळे असतात. कॅनडाने २०१३ मध्ये पी-वी गटातून अशी टक्कर वगळली, त्याआधी अमेरिकेनेही तोच निर्णय घेतला होता. वेगवेगळ्या देशांतून आलेली मुले वेगवेगळ्या सवयी घेऊन येतात, म्हणून पंच पहिल्या सत्रात अधिक कडक असतात असे जाणवल्यास आश्चर्य मानू नये.

सहावी पायरी: जादा वेळेचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत

साखळीत बरोबरी झाली, तर प्रत्येकी तीन खेळाडूंनिशी पाच मिनिटे खेळतात आणि पहिला गोल करणारा जिंकतो. उपांत्य फेरीपर्यंतच्या बाद सामन्यांत हीच पद्धत दहा मिनिटांसाठी असते. तरीही निकाल न लागल्यास शूटआउट. सुवर्णपदकाच्या सामन्यात मात्र शूटआउट नसतो. गोल होईपर्यंत वीस मिनिटांची सत्रे चालू राहतात.

तिघा-तिघांच्या खेळात बर्फ इतका मोकळा होतो की एक चूक पुरते. करोनामुळे डिसेंबर २०२१ मध्ये अर्ध्यावर रद्द झालेली २०२२ ची स्पर्धा ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे पुन्हा खेळली गेली. तिच्या अंतिम सामन्यात कॅनडा आणि फिनलंड २–२ असे बरोबरीत होते. जादा वेळेत फिनलंडच्या फटक्यावर चकती गोलरक्षकाला चुकवून गोलरेषेकडे पडू लागली. कॅनडाचा कर्णधार मेसन मॅकटॅव्हिश याने मागे येऊन ती हवेतच काठीने बाजूला काढली, आणि थोड्याच वेळात केंट जॉन्सनने दुसऱ्या टोकाला गोल करून सामना संपवला.

शूटआउटमध्ये ठरलेल्या फटक्यांनंतरही बरोबरी राहिली, तर त्यापुढे एकच खेळाडू पुन्हा पुन्हा पाठवता येतो. २००७ च्या उपांत्य सामन्यात कॅनडाच्या जोनाथन टेव्ज याने अमेरिकेविरुद्ध याच मुभेचा फायदा घेत तीन वेळा गोल केले. मला ही तरतूद सांघिक खेळात थोडी खटकते, पण ती नियमात आहे.

सातवी पायरी: संघासोबत जाणार असाल तर

पालक किंवा स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याने कागदपत्रांची एक थैली वेगळी ठेवावी: पारपत्र, जन्मतारखेचा दाखला, वैद्यकीय विमा, पालकांचे संमतिपत्र. नोंदणीच्या टेबलावर जन्मतारीख तपासली जाते आणि तिथे सबब चालत नाही.

संरक्षक साहित्याचे नियम घरच्या लीगपेक्षा कडक असू शकतात. अठरा वर्षांखालील खेळाडूंना चेहरा पूर्ण झाकणारी जाळी किंवा आवरण लागते. मानेचे संरक्षक कवच युवा गटांत पूर्वीपासूनच सक्तीचे होते. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये एका व्यावसायिक खेळाडूचा स्केटच्या पात्याने मान कापून मृत्यू झाल्यावर महासंघाने ते आपल्या सर्व स्तरांवर सक्तीचे केले.

पात्यांकडे विशेष लक्ष द्यावे. स्केटचे पाते एकाच धारेचे नसते. त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने एक बारीक खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडा या दोन धारा होत. सिमेंटवर दोन पावले टाकली तरी एखादी धार बोथट होते आणि मुलगा वळणावर घसरून पडतो, म्हणून बर्फापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर रबरी पट्टे अंथरलेले असतात आणि पात्यांवर आवरण घालतात. ओले स्केट पिशवीत तसेच कोंबू नयेत. पाते कोरडे पुसावे आणि मोजे, हातमोजे रात्रभर वाळत टाकावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सामना असू शकतो.

बिल्ल्यांची एक पुडीही सोबत असू द्यावी. लहान मुलांच्या स्पर्धांत संघांचे बिल्ले अदलून-बदलून जमवण्याची प्रथा आहे आणि भाषा न समजणाऱ्या दोन मुलांची ओळख बहुधा तिथेच होते. प्रेक्षक म्हणून बसताना उबदार कपडे घालावेत, आणि जागा सोडायची किंवा गाठायची असल्यास खेळ थांबेपर्यंत जिन्यातच थांबावे.

आठवी पायरी: सामना संपल्यावर लगेच उठू नये

महासंघाच्या स्पर्धांत शिट्टी वाजल्यानंतर प्रत्येक संघातील एका खेळाडूला सामन्याचा उत्तम खेळाडू म्हणून बक्षीस दिले जाते. मग दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर ओळीने उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. हरलेली मुलेही हेल्मेट काढून ते संपेपर्यंत उभी असतात. त्यानंतर हस्तांदोलनाची रांग होते आणि बर्फ तासणारे यंत्र पुढच्या सामन्यासाठी आत येते.

स्पर्धेचा अंतिम क्रम पहिल्यापासून दहाव्यापर्यंत छापला जातो. तो कागद जपून ठेवावा, कारण पुढच्या वर्षीचे गट याच क्रमावरून पाडले जातात.